गोड्या-खाऱ्याची सीमा : मांडवी-जुवारीच्या पाण्याची कथा

पाण्याच्या चवीसाठी मराठीत तीन साधे शब्द आहेत : गोडे, खारे आणि मचूळ. पहिला नदीविहिरींच्या पाण्याचा, दुसरा समुद्राच्या पाण्याचा. तिसरा शब्द त्या दोहोंच्या मिश्रणासाठी आहे, आणि जेथे नदी समुद्रास मिळते तेथे राहणाऱ्या लोकांचे त्याच्यावाचून चालत नाही. भात कोठे पिकेल, मीठ कोठे धरेल, मासळी कोणत्या महिन्यात कोठवर चढेल, गलबताने पिण्याचे पाणी कोठे भरावे, हे सारे प्रश्न अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : आज गोडे पाणी कोठे संपते आणि खारे कोठे सुरू होते?

ही सीमा नकाशावर रेघ मारून दाखविता येत नाही, कारण ती स्थिर नाही. ती रोज भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे होते, पंधरवड्यात उधाण आणि भांग यांच्याबरोबर बदलते, आणि वर्षातून एकदा नदी व वारा यांच्या आज्ञेने फार मोठा प्रवास करते. गोमंतकातील मांडवी आणि जुवारी या जोडनद्यांच्या मुखांत हा प्रवास इतका ठळक आहे की, तेथील शेतीचा, मिठाचा व बंदरांचा इतिहास त्याच्यावाचून नीट उलगडत नाही. तो प्रवास कसा घडतो, आणि माणसांनी त्याच्याशी कसा मेळ घातला व कोठे तो मोडला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम नद्यांची ओळख. मांडवीचा उगम बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगडाच्या रानात होतो. तेथे तिचे नाव म्हादई. तिचा एकूण प्रवास सुमारे ८० किलोमीटरांचा आणि त्यांतील ५० किलोमीटरांहून थोडा अधिक गोव्यात. वाटेत खांडेपार, वाळवंटी, म्हापसा अशा नद्या तिला मिळतात आणि पणजीपुढे आग्वादच्या उपसागरात ती समुद्रास भेटते. दक्षिणेकडील जुवारी मार्मागोव्याच्या उपसागरात उतरते. या दोन मुखांच्या मध्ये तिसवाडीचे बेट आहे. बेटाच्या पूर्वेस कुंभारजुव्याची खाडी दोन्ही नद्यांना जोडते, त्यामुळे या दोन नद्यांचे पाणी आतल्या अंगानेही एकमेकांशी बोलत असते.

नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांत केवळ मिठाचा कमीअधिकपणा एवढाच भेद आहे असे समजण्याचे कारण नाही. दोहोंचा पिंडच निराळा. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा नेहमीच्या मिठाचा. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांतून जे नमुने आणले, त्यांतील ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार याने केले. १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. महासागराचे पाणी कोठूनही आणा, एकूण क्षार कमी असोत वा अधिक, मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ तेच राहते, हे त्यावरून पक्के ठरले. नदीचे तसे नाही. ती ज्या खडकांवरून आणि मातीवरून वाहते त्यांचा अंश तिच्यात उतरतो. तिच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ अल्प, परंतु त्या अल्पांत चुन्याचे क्षार, बायकार्बोनेट आणि सिलिका यांना मान मोठा. रानांतून व शेतांतून आलेला नत्रांश आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंशही तीच आणते. खाडीत या दोन भिन्न कुळींच्या पाण्यांचा संगम होतो. कोणत्या कुळीचा किती भाग आहे, यावर तेथील पाण्याचा सारा स्वभाव अवलंबून राहतो.

आता वर्षाचे चक्र पाहू. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या कड्यांवर त्याहून पुष्कळ अधिक. यापैकी दहांतील नऊ हिस्स्यांहून अधिक पाऊस जून ते ऑक्टोबर या काळातच कोसळतो. नद्या आखूड, उतार तीव्र. घाटावर पडलेला पाऊस फार काळ वाटेत रेंगाळत नाही, तो लोंढ्याने खाली येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मांडवीचे पाणी पणजीपर्यंत वरवर पाहता जवळजवळ गोडेच असते. परंतु गोडे पाणी हलके आणि खारे जड. म्हणून नदी वरून समुद्राकडे धावत असताना तळाशी समुद्राचे जड पाणी पाचरीसारखे आत घुसलेले असते. एकाच जागी, एकाच वेळी, वरच्या हाताला गोडे पाणी आणि खालच्या हाताला खारे पाणी लागावे, अशी स्थिती येते. जुवारीला गोड्या पाण्याचा पुरवठा मांडवीहून कमी, त्यामुळे तिच्या मुखाशी खारेपणा पावसाळ्यातही अधिक टिकून राहतो.

पाऊस सरला की नदीची सत्ता ओसरू लागते. नोव्हेंबरपासून वरून येणारे पाणी दिवसेंदिवस घटते आणि भरतीला रान मोकळे होते. या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर सव्वादोन मीटरांच्या आसपास, भांगाच्या वेळी सुमारे एक मीटर. आश्चर्य असे की, मुख्य पात्रात सुमारे ४० किलोमीटर आतपर्यंत भरतीचा हा जोर फारसा कमी होत नाही, त्यानंतर मात्र पात्र चढू लागताच तो झपाट्याने विरतो. या भरतीच्या रेट्याने खारे पाणी महिन्यामहिन्याने वर सरकत जाते आणि एप्रिल-मेमध्ये त्याची मजल सर्वांत लांब पोहोचते. या दिवसांत वरखाली असा भेद उरत नाही. पृष्ठभागापासून तळापर्यंत पाणी ढवळून एकजीव झालेले असते. पुढे जूनच्या पहिल्या मोठ्या पुराने महिनोगणती पुढे आलेली ही सीमा अल्पावधीत पुन्हा समुद्राकडे ढकलली जाते.

या ढवळण्यात भरतीचा सोबती म्हणजे वारा. दर्यावर्दी लोकांनी वाऱ्यांना दिलेली नावे अर्थपूर्ण आहेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत, ऊन तापले की दुपारी वायव्येकडून खारे वारे जोराने सुटतात. त्यांच्यामुळे खाडीच्या रुंद मुखात आखूड, उथळ लाटा उठतात. त्या लाटा तळच्या गाळाला हात घालतात आणि भरतीचा प्रवाह तो गाळ उचलतो. पाणी गढूळ होते. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश खोल जात नाही, म्हणून सूक्ष्म वनस्पतींची वाढ मंदावते. तळच्या चिखलात अडकलेली पोषणद्रव्ये मात्र पुन्हा पाण्यात मिसळतात. शिवाय वाऱ्याने फेसाळलेले पाणी हवेतून प्राणवायू घेते. वारा पडला, पाणी थरांत विभागले गेले, की तळाशी प्राणवायूचा तुटवडा पडू शकतो. येणेप्रमाणे नदी पाण्याला थर देते आणि वारा व भरती ते थर मोडतात. खाडीच्या रसायनाचा बराचसा हिशेब या दोन क्रियांत सामावलेला आहे.

हा हिशेब गोमंतकीय शेतकऱ्याने फार पूर्वी मांडला होता. कुमारद्वीपाचा राजा अनिर्जितवर्मा याचा एक ताम्रपट बांदोडे येथे सापडला आहे. तो इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात जमिनीच्या दानाच्या संदर्भात ‘खज्जन’ हा शब्द येतो. आजचे खाजण ते हेच. भरतीच्या पातळीखाली असलेली, एरव्ही खारफुटीने व्यापलेली ही सखल जमीन मातीचे बांध घालून मिळविलेली आहे. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर सांगतात, आणि तिचा मोठा भाग मांडवी-जुवारीच्या खोऱ्यांत आहे. उत्तरेकडे कुलाब्याच्या खारभूमीतही याच जातीचे बांध घालून शेती होत आली. तेथे पाण्याच्या दाराला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस.

मानसाची रचना थोडक्यात सांगण्यासारखी आहे. बांधात दगडी वा जांभ्याचे तोंड ठेवलेले असते आणि त्याला लाकडी फळ्यांची दारे. ती अशी टांगलेली असतात की, ओहोटीला शेताकडील पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरतीला खाडीच्या दाबाने आपोआप मिटतात. राखणदाराला प्रत्येक भरतीला धावावे लागत नाही. भरतीचा जोरच भरतीला बाहेर ठेवतो. परंतु दार पूर्ण बंद ठेवणे हा त्याचा उद्देश नव्हे. बांधाच्या आतल्या बाजूस एक पाणवाट ठेवलेली असते, तीत मोजके खारे पाणी येऊ दिले जाते. तेवढ्यावर कोळंबी, शेवटे, काळुंद्री आणि खेकडे पोसतात.

या व्यवस्थेमागील रसायन नाजूक आहे. उन्हाळ्यात खाजणाच्या मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा चढतो. जूनच्या सरी तो धुऊन काढतात, आणि हे गोडे पाणी ओहोटीबरोबर मानसातून बाहेर सोडले जाते. माती पुरेशी निवळली म्हणजे पेरणी. बी सुद्धा मिठाला न घाबरणारे लागते, जसे कोरगुट वा असगो या जातींचे भात. पाऊस लांबला, वा पीक उभे असताना बांध फुटून खारे पाणी आत आले, तर हंगाम गेलाच. आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. खारफुटीच्या काळ्या चिखलात गंधकाची लोहयुक्त संयुगे दडलेली असतात. माती ओली आहे तोवर ती निरुपद्रवी. ती फार खोलवर सुकली, तर हवेशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते आणि जमीन आंबट पडते. खाजणाला खारे पाणी पुरते तोडूनही चालत नाही आणि मोकळे सोडूनही चालत नाही, ते यामुळेच.

इतके सांभाळायचे तर ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एकाचा बांध फुटला की शेजाऱ्याचे शेत बुडते. म्हणून बांधांची डागडुजी, मानसाची राखण आणि पाण्याची वेळ ठरविणे ही गावकीची कामे होती. गोव्यातील गावकऱ्यांच्या या जुन्या संस्थांचे रीतिरिवाज आफोंसो मेशिय याने १५२६ मध्ये लेखी नोंदविले, आणि पुढे पोर्तुगीज अमलात त्या ‘कोमुनिदाद’ या नावाने चालत राहिल्या. मानसावर जाळे लावून मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जाई आणि त्या उत्पन्नाचा हातभार बांधांना लागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही मासेमारी विशेष होते. खाजणातले पहिले कणीस घरी येणे हा गावाचा सण. हिंदू कुटुंबांत नव्याची पूजा होते, ख्रिस्ती गावांत कणसांचे फेस्त होते आणि ती कणसे वेदीवर वाहिली जातात. ताळगावी हे फेस्त ऑगस्टमध्ये येते. कणीस दोन्हीकडे तेच असते, आणि त्या कणसामागे जूनपासून धुतलेली माती व वेळेवर उघडलेले मानस असते.

जी सीमा पावसाळ्यात शेतकऱ्याला हवी तिथे नेली जाते, तीच उन्हाळ्यात मिठागरवाल्याच्या कामी येते. नदी क्षीण झाली आणि खाडीचे पाणी समुद्राइतके खारे झाले, म्हणजे मिठाचा हंगाम सुरू होतो. रायबंदर, मेर्सी, नेरूल, हडफडे, आगरवाडा अशा ठिकाणी खाडीकाठी मिठागरे होती, काही आजही तग धरून आहेत. भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवीत नेतात. ऊन आणि दुपारचे खारे वारे त्यातील पाणी उडवून नेतात. प्रथम चुन्याचे क्षार आणि मग जिप्सम तळाशी बसतात. पाणी मूळच्या सुमारे एक दशांशावर आले की मिठाचे स्फटिक धरू लागतात. उरलेल्या द्रवात मॅग्नेशियमचे कडू क्षार राहतात. तो वेळीच काढून टाकला नाही तर मीठ कडवट होते व ओल धरते. आगरातल्या कारागिराने पृथक्करणाचे पुस्तक पाहिलेले नसते. परंतु कोणत्या वाफ्यात काय बसू द्यायचे आणि काय वाहू द्यायचे, हे त्याला पाण्याच्या रंगावरून व हाताच्या स्पर्शावरून कळते. वारा पडला की मीठ उशिरा धरते, अवेळी सर आली की सारे विरघळते.

हे मीठ बैलांच्या तांड्यांबरोबर घाट चढून बेळगावच्या बाजूस जाई आणि परतीच्या वाटेने धान्य खाली येई. या व्यापारावर मोठा आघात झाला तो निसर्गाकडून नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. सीमेपलीकडून स्वस्त गोवेकरी मीठ आले तर तो कर बुडणार. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह झाला, आणि त्यान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिश सरकारकडे गेले. मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये ठरले. मार्मागोव्याचे बंदर आणि घाटावर जाणारा लोहमार्ग यांची वाट याच तहाने मोकळी झाली. तह १८९२ पर्यंत चालला. त्या काळात अनेक लहान आगरे बंद पडली आणि आगरांवर पोट असलेल्या कुटुंबांना कामासाठी दूर जावे लागले. पाणी खारे होते, वाराही वाहत होता, परंतु मीठ करण्याची मुभा नव्हती.

बंदरांच्या इतिहासातही या पाण्याचा हात आहे. कदंबांनी अकराव्या शतकात आपली राजधानी चंद्रपुराहून गोपकपट्टणास आणली. हे गोपकपट्टण जुवारीच्या काठी होते आणि त्याचा दूरवर व्यापार चाले. पुढे तेथील पात्र गाळाने भरत गेले, आणि व्यापाराचे केंद्र मांडवीकाठच्या एला या ठिकाणी सरकले. तेच पुढचे जुने गोवे. खाड्या गाळाने का भरतात, याचे एक कारण केवळ पाण्याच्या संथपणात नसून त्याच्या रसायनातही आहे. नदीबरोबर येणाऱ्या चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे हा दुरावा कमी होतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. म्हणजे जेथे गोड्या-खाऱ्याची गाठ पडते तेथेच नदी आपले ओझे उतरविते.

आग्वादचा किल्ला याच पाण्याची आठवण आपल्या नावात वागवितो. १६१२ मध्ये पुरा झालेल्या या किल्ल्याचे नाव पाण्यावाचक पोर्तुगीज शब्दावरून पडले. मुखाशी पाणी अथांग, पण पिण्यास निरुपयोगी. म्हणून तेथील गोड्या झऱ्याला आणि सुमारे २४ लाख गॅलन पाणी मावणाऱ्या टाक्याला महत्त्व आले. लांबच्या प्रवासाची जहाजे तेथे पाणी भरून घेत. पावसाळ्यात मात्र मांडवीच्या मुखाशी वाळूची दांडी आणि वाऱ्याने खवळलेला समुद्र यांमुळे ये-जा थांबत असे. पुढे विसाव्या शतकात लोहखनिजाचे बार्ज सुरू झाले, तेही पावसाळ्यात मांडवीचे मुख टाळून कुंभारजुव्याच्या खाडीने जुवारीत व तेथून मार्मागोव्यास जात.

शेतकरी, आगरवाले आणि तांडेल यांना जे अनुभवाने ठाऊक होते, त्याचे पद्धतशीर मोजमाप स्वातंत्र्योत्तर काळात झाले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६० ते १९६५ या काळात पार पडली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. संस्थेचे मुख्य केंद्र दोना पावला येथे, म्हणजे मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधील भूशिरावरच आहे. त्यामुळे या दोन खाड्या देशातील सर्वांत बारकाईने अभ्यासलेल्या खाड्यांपैकी ठरल्या. युरोप-अमेरिकेतील ज्या खाड्यांवरून पाठ्यपुस्तके लिहिली गेली, तेथे नदी बहुधा बारमाही वाहते आणि खारेपणा एका ठरीव पातळीभोवती हेलकावे घेतो. मांडवी-जुवारीला अशी ठरीव पातळीच नाही. येथे वर्षाचा अर्धा भाग पूर आणि अर्धा भाग जवळजवळ दुष्काळ. म्हणून यांची गणना ‘मोसमी खाड्या’ अशा स्वतंत्र वर्गात करणे संशोधकांना भाग पडले.

वाऱ्याचे सर्वांत गूढ काम मात्र मुखाबाहेर, उथळ समुद्रात चालते. पावसाळ्यातील वारे आणि किनाऱ्यालगतचा दक्षिणवाही प्रवाह यांच्यामुळे, पृथ्वीच्या परिवलनाच्या योगाने, पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी उतरणीवरून वर चढते. या पाण्यात पोषणद्रव्ये विपुल, प्राणवायू मात्र फार थोडा. मुंबईजवळील समुद्रात असा कमी प्राणवायूचा थर किनाऱ्याकडे चढत येतो आणि त्याचा मासळीवर परिणाम होतो, हे कॅरुथर्स, गोगटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते.

गोव्यासमोर या गोष्टीला नदी आणखी एक वळण देते. वर चढणारे पाणी हवेपर्यंत पोहोचले असते तर त्याने प्राणवायू घेतला असता. परंतु त्याच काळात नद्या आणि पाऊस समुद्रावर हलक्या पाण्याचे पाच-दहा मीटरांचे पांघरूण घालतात. वरचे पाणी हलके, खालचे जड, म्हणून दोहोंची मिसळण होत नाही. वर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, मरतात, खाली बसतात आणि कुजताना असलेला प्राणवायूही संपवितात. प्राणवायू संपला की सूक्ष्म जीव नायट्रेट वापरू लागतात, तेही संपले की सल्फेट. मग सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोरील समुद्रात ही अवस्था स्पष्टपणे नोंदली गेली. डॉ. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखविले की, या क्रियेत नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वीचे तापमान वाढविणारा वायूही मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. शेतांतील व शहरांतील नत्रांश नद्यांतून समुद्रात येतो, तेव्हा या स्थितीस बळ मिळते. पावसाळा ओसरून वारे व प्रवाह पालटले की समुद्र पुन्हा श्वास घेऊ लागतो.

आता अलीकडील काळाकडे वळू. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला न्याय दिला, आणि तो हक्काचा होता. परंतु कोमुनिदादींकडील बांधांचे काम कोणी करायचे, हा प्रश्न मागे राहिला. १९७५ च्या नियमांनी ते कुळांच्या संघांकडे आले. काही संघांनी ते नेटाने केले. इतर ठिकाणी मात्र मानसावरील मासळीच्या लिलावाचा पैसा हाच मुख्य विषय झाला. मासळी अधिक हवी म्हणून खारे पाणी अधिक वेळ आत ठेवले जाऊ लागले आणि भाताची माती बिघडली. खनिजाच्या बार्जांच्या लाटांनी बांध खचत असल्याच्या तक्रारी येत राहिल्या. एकदा बांध फुटून वर्षभर खारे पाणी खेळले, की तेथे खारफुटी उगवते, आणि मग शेत परत मिळविणे फार कठीण होते. शेकडो वर्षे खाडीपासून राखलेली जमीन अशा रीतीने निमूटपणे खाडीकडे परत जाते.

याहून मोठा प्रश्न घाटमाथ्यावर उभा आहे. म्हादईच्या पाण्याच्या वाटपासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. खोऱ्यातील उपलब्ध पाणी त्याने सुमारे १८८ अब्ज घनफूट धरले. त्यातून कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ वीजनिर्मितीसाठी आहे आणि ३.९० कळसा व भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात वळविण्यासाठी. २०२० मध्ये निवाडा राजपत्रात आला. वाद मात्र त्यानंतरही मिटला नाही. हुबळी-धारवाडच्या माणसाची तहान खरी आहे, आणि खाडीकाठच्या माणसाची भीतीही खरी आहे.

या वादात वर्षभराचा एकूण आकडा पुढे करून एक बाजू म्हणते की, पावसाळ्यात एवढे पाणी समुद्रास जाते, त्यातले थोडे घेतल्याने काय बिघडते? दुसरी बाजू म्हणते, एक थेंबही नको. खाडीचे रसायन निराळा प्रश्न विचारते : कोणत्या महिन्यातले पाणी? जुलैच्या लोंढ्यातील काही भाग घेतल्याने पणजीपुढील पाणी खारे होणार नाही. परंतु डिसेंबरनंतर नदीत जी क्षीण धार उरते, तिच्यावरच खाऱ्या पाण्याची आतली मजल ठरते. ती धार आटली तर सीमा वर सरकेल, आणि आज जेथे विहिरी गोड्या आहेत तेथे त्या मचूळ होतील. जूनच्या आरंभीचे पाणीही असेच मोलाचे, कारण खाजण त्यानेच धुतले जाते. पाण्याचे वाटप घनफुटांत होते. शेताला व मासळीला ते वेळेवर मिळावे लागते.

समुद्राची पातळी जगभर हळूहळू वाढत असताना हा हिशेब अधिकच काटेकोरपणे ठेवावा लागेल. त्यासाठी घाटातील नदीची धार, मुखाशी वाहणारा वारा आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावरील खारेपणा यांची अखंड नोंद हवी, आणि ती नोंद तिन्ही राज्यांपुढे सारखीच उघडी हवी. मानसावरील राखणदार एवढे सारे एका फळीवरून करीत असे : पाणी कोठवर चढले, कोणत्या तिथीला चढले, आणि चवीला कसे होते. भीमगडाच्या पायथ्याशी पडलेला पावसाचा थेंब कोणत्या दिवशी आग्वादपुढील खाऱ्या पाण्यात मिसळावा, हे ठरविण्याचे सामर्थ्य आता माणसाच्या हाती येत आहे. ते वापरण्यापूर्वी त्या राखणदाराचा प्रश्न, आज गोडे कोठे संपते आणि खारे कोठे सुरू होते, नदीच्या दोन्ही टोकांस विचारला गेला पाहिजे.